टोकाचा ठिपका

१

ठिपक्यांचा देश बनवणं ही काही फार मोठी विद्या नाही, असं ताई स्वतःच सगळ्यांना सांगायची, आणि दुसऱ्या कोणी तसं म्हटलं की तिच्या कपाळावर आठी पडायची.

कृती खरंच सोपी होती. देशाची बाह्यरेषा घ्यायची. तिच्यावर सारख्या अंतरावरच्या, सारख्या आकाराच्या ठिपक्यांची जाळी पसरायची. ज्या ठिपक्याचा मध्य रेषेच्या आत, तो देशात. ज्याचा मध्य बाहेर, तो कचरा. कचरा निवडायचा, बटण दाबायचं, विषय संपला. मग रेषाही काढून टाकायची आणि उरतो तो नुसत्या ठिपक्यांचा देश, जो बातम्यांच्या मागच्या पडद्यावर आणि कंपन्यांच्या अहवालांत आपण येता-जाता पाहतो. वेक्टर असल्यामुळे तो कितीही मोठा केला तरी फाटत नाही. व्हिजिटिंग कार्डावर छापा नाहीतर इमारतीवर टांगा.

ताईची सगळी ऐट होती ती कडेच्या ठिपक्यांत. आतले ठिपके काय, कोणीही टाकेल. पण कडा वेड्यावाकड्या असतात. कुठे जमिनीची चिंचोळी पट्टी समुद्रात घुसलेली असते, आणि तिथे संगणक डोळे मिटून ठिपके उडवतो. अशा वेळी ताई अख्खी जाळी अर्ध्या घराने इकडे, पाव घराने तिकडे सरकवत बसायची, शेवटच्या टोकालाही एक ठिपका मिळेपर्यंत. "कोणाचं गाव गळता कामा नये," असं ती शेजारच्या लंबूला बजावायची. लंबू तिच्याच वयाचा, खुर्चीत न मावणारा माणूस. हे काम तो तिच्याकडूनच शिकला होता, आणि मदतीला इतका तत्पर की कधीकधी त्याचे हात बांधून ठेवावेसे वाटत.

त्या सोमवारी एका कुरिअर कंपनीचा नकाशा तयार होत होता. देशात कुठेही पोचतो, असं ती कंपनी अभिमानाने सांगायची. त्यांच्या नव्या कचेरीच्या दर्शनी भिंतीवर प्रत्येक ठिपक्यासाठी पितळेची एक चकती बसणार होती, आणि तोच नकाशा त्यांच्या माहितीपत्रकातही छापायचा होता. सगळं पसंत पडलं, पण कंपनीच्या बाईंनी फोनवर नाक मुरडलं. "खालच्या टोकाचा तो एक ठिपका सुटा दिसतो हो. भिंतीवर माशी बसल्यासारखा."

"काढून टाक," साहेब मागूनच म्हणाले. स्टुडिओ त्यांचा, एसीचा रिमोटही त्यांच्याच ड्रॉवरमध्ये, आणि वाद घालणारी माणसं त्यांना आवडत नसत.

एरवी ताईने जाळी सरकवली असती. अर्ध्या घराने वर घेतली असती तर टोकाचा ठिपका इतरांच्या रांगेत आला असता, बाईही खूश, गावही शाबूत. तिला ते एका नजरेत दिसलंही होतं.

पण तो ठिपका म्हणजे दादाचं गाव होतं. तिचा थोरला भाऊ तिथे होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. जमीन संपते तिथे त्याचं घर, त्यापुढे पाणी. आई आधी त्याच्याकडेच असायची. दोन वर्षांपूर्वी ताईने तिला चार दिवस औषधपाण्यासाठी म्हणून शहरात आणलं आणि ते चार दिवस काही संपले नाहीत. दर रविवारी दादाचा फोन, दर रविवारी भांडण. कालच तो म्हणाला होता, "तू आईला पळवून नेलंस, छोटे. चोर आहेस तू चोर." ताईने फोन आपटला होता आणि रात्रभर उलटसुलट उत्तरं जुळवत पडली होती.

तिने ठिपका निवडला. "जा," ती दातांतल्या दातांत म्हणाली, आणि बटण दाबलं. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं.

२

दादाचा फोन बुधवारी संध्याकाळी आला. रविवार सोडून तो कधी फोन करत नसे, म्हणून ताईने ओले हात पुसायच्या आतच उचलला.

"निघालोय मी," दादा म्हणाला.

"कुठे?"

"आईला न्यायला. आणखी कुठे?"

ताई फणकाऱ्याने काहीतरी बोलणार होती, पण तिचं लक्ष दुसरीकडेच गेलं. दादाच्या फोनमागे नेहमी समुद्राची गाज असायची. भांडताना तिला त्या आवाजाचा राग यायचा, कारण त्याच्यावर ओरडावं लागे. गाज नसेल तेव्हा हातोडीची ठाकठूक असे, कोणीतरी इंजिन सुरू करून पाहत असे. आज काहीच नव्हतं. शांत खोलीतसुद्धा काही ना काही असतं, पंखा असतो, नळ गळतो, कोणी खाकरतं. इथे दादाचा आवाज होता आणि त्या आवाजाच्या मागे काहीच नव्हतं.

"दादा, तू आहेस कुठे आत्ता?"

"तेच कळत नाही गं. उभं राहायला जागा नाही इथं. पण सरकतोय आत-आत."

"गाडीत बसलायस का?"

"दार उघडशील ना, छोटे?"

आणि फोन बंद झाला. खोलीतून आईने विचारलं, "कोण होतं?" ताई म्हणाली, "राँग नंबर." आईशी ती सहसा खोटं बोलत नसे. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"दादाचा आवाज वाटला," आई म्हणाली. "मला न्यायला येतोय म्हणाला का?"

"तुला जायचंय का?"

"मला काय, ठेवाल तिथे राहीन. मी म्हणजे तुमचं कपाटच की." आईने शाल ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं. हे तिचं नेहमीचं होतं. दोन मुलांच्या ओढाताणीत ती कधीच कोणाची बाजू घेत नसे, आणि त्यामुळे दोघांनाही वाटायचं की ती दुसऱ्याच्या बाजूची आहे.

३

गुरुवारी माहितीपत्रकासाठी ताईने नकाशा पुन्हा उघडला. स्टुडिओत थंडीने बोटं वळत नव्हती. स्वेटरच्या बाह्या ओढत ती पडद्याकडे पाहत राहिली.

खालच्या टोकापासून जरा आत एक ठिपका रांगेत नव्हता.

केसभरच सरकलेला होता. दुसऱ्या कोणाला दिसलाही नसता. पण जन्म ठिपक्यांत गेलेल्या माणसाला असा ठिपका जेवताना दाताखाली आलेल्या खड्यासारखा लागतो.

"लंबू, माझ्या फाइलला हात लावलास?"

"शपथ घेऊन सांगतो, नाही."

"मग हा काय आपल्या पायांनी चालत गेला?"

लंबू बिचारा हसला. ताईने ठिपका मोठा करून पाहिला, आणखी मोठा केला, पडदाभर केला. वेक्टरचा गोल म्हणजे गोल, कितीही जवळ जा, त्याला खोड निघत नाही. हा मात्र वरच्या अंगाला थोडा चपटा होता. काचेला कपाळ टेकलं की ते जसं दिसतं, तसा. तिला त्याच्याकडे फार वेळ पाहवेना. तिने तो काढला, त्याच्या जागी नवाकोरा ठिपका ठेवला, रांगेत बसवला आणि फाइल बंद केली.

शुक्रवारी तो ठिपका जागेवरच होता. त्याच्या बराच वरचा एक सरकलेला होता. चपटा, वरच्याच अंगाला.

४

ताईची बुद्धी शाबूत होती आणि तिला ती वापरायची सवय होती. फाइल बिघडली असेल. सर्व्हर जुना आहे, मागे एकदा त्याने अख्खं कॅलेंडर खाल्लं होतं. डोळ्यांचा नंबर वाढला असेल. साहेब हेच म्हणाले, आणि तेही सगळ्यांच्या देखत. "दिसत नसेल तर चष्मा बदल. मला दोन दिवस एका ठिपक्याची कहाणी ऐकवू नकोस."

तिने साहेबांकडे पाठ फिरवली आणि नकाशावर रस्त्यांचा थर चढवला. दादाच्या गावातून शहराकडे एकच हमरस्ता येतो. कालचा ठिपका त्या रस्त्यावर होता. आजचाही होता. योगायोग, ती मनाशी म्हणाली. ठिपके इतके दाट असतात की कुठलाही रस्ता कोणत्या तरी दोन ठिपक्यांवरून जाणारच. हे अगदी बरोबर होतं आणि त्याने तिला काडीचाही धीर आला नाही.

मग तिने टोकाचा ठिपका परत ठेवला. अगदी होता तिथेच. फाइल जतन केली, बंद केली, उघडली. टोक रिकामं. पुन्हा ठेवला, पुन्हा उघडली. रिकामं. तिसऱ्या खेपेनंतर तिने माऊस सोडून दिला.

जिन्यात जाऊन तिने दादाला फोन लावला. नुसती घंटा वाजत राहिली. दादाच्या घराशेजारी एक सायकल दुरुस्तीवाला होता, म्हातारा, दादाचा जुना पत्त्यांचा भिडू. आई तिकडे असताना तिच्या औषधांच्या चिठ्ठ्या ताई त्याच्याच फोनवर पाठवायची. त्याला लावला.

"काका, मी बोलतेय. इंजिनवाल्याची बहीण. दादा घरी आहे का जरा बघता?"

"कोण इंजिनवाला?"

"काका, असं काय करता? तुमच्या शेजारचा. शेवटचं घर."

"शेवटचं घर माझं आहे, बाई," म्हातारा म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण ओळख दाखवत नव्हता. "माझ्या भिंतीला पाणी लागतं. पुढे काय असणार?"

त्याच्यामागे समुद्र स्पष्ट ऐकू येत होता. फोनच्या फारच जवळ होता.

"माझ्या आईला ओळखता ना तुम्ही?" ताईने विचारलं.

"पुन्हा या नंबरवर फोन करू नका," तो म्हणाला. "त्या बाजूने रात्री दार वाजतं माझं. त्या बाजूला दार नाहीये."

५

ताई तशीच पर्स उचलून कुरिअर कंपनीच्या नव्या कचेरीत गेली. फाइल ऐकत नसेल तर भिंत तरी ऐकेल, असा तिचा हिशोब होता. पितळेची चकती एकदा स्क्रूने पिळून बसवली की ती कोण कशी काढणार?

दर्शनी दालनात रंगाचा उग्र वास होता. फिटर शिडीवरून उतरतच होता. अख्खा देश भिंतीवर चमकत होता, फक्त टोक तेवढं तोडल्यासारखं दिसत होतं. फिटर म्हणजे बडबड्या माणूस, हातात सतत काहीतरी खेळवणारा. आत्ता तो एक चकती खेळवत होता.

"बरं झालं आलात. तुमच्या फाइलप्रमाणे चकत्या कापून आणल्या आणि एक उरली. माझं मोजणं चुकत नाही, मॅडम."

"ती इथे बसवा." ताईने टोकाच्या जागी बोट टेकवलं. "मी सांगतेय म्हणून बसवा. काय बोलणी खायची ती मी खाईन."

फिटरने खांदे उडवले. चकती उलटसुलट करून तो म्हणाला, "तुमचं बरं असतं. आमच्या चकतीला पाठ आहे, जाडी आहे, म्हणून तिला बसवायला घाम गाळावा लागतो. तुमच्या कॉम्प्युटरमधल्या ठिपक्याला ना पाठ ना जाडी. बाजूने बघितला तर दिसायचासुद्धा नाही." स्वतःच्याच विनोदावर हसत त्याने ड्रिल टेकवलं.

आधी नेहमीचा कर्कश आवाज आला, थोडी भुकटी उडाली. मग आवाज बंद झाला. ड्रिल फिरत होतं, पण कशाला लागत नव्हतं. फिटरने जोर दिला. पातं मुठीपर्यंत आत गेलं.

"पोकळ आहे?" ताईने विचारलं.

"ही बाहेरची भिंत आहे, मॅडम. हातभर जाड. पलीकडे रस्ता आहे." फिटरचं हसू मावळलं होतं. त्याने ड्रिल बाहेर ओढलं, एक लांब तार घेतली आणि भोकात सरकवली. तार जात राहिली. त्याने हात थांबवला, तरी ती थोडी आत गेली.

मग तो दचकून मागे झाला. तार त्याच्या हातून सुटली आणि भोकात निघून गेली.

फिटरने कोणाला काही विचारलं नाही. हाताला लागलं तेवढं पोटीन त्याने त्या भोकात कोंबलं, वरून बोळा फिरवला आणि सामान आवरायला लागला. चकती त्याने ताईच्या हातात दिली नाही, जमिनीवर ठेवली. "मी इथे काही बसवणार नाही," तो तिच्याकडे न पाहता म्हणाला. "आणि तुम्हीही इथे थांबू नका."

६

रविवारी दुपारी ऊन स्वच्छ पडलं होतं. खाली पोरं चेंडू खेळत होती, वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्च्या सरकवत होतं. घाबरण्यासारखं काही नव्हतं आणि ताई सकाळपासून घाबरलेली होती.

आई नेहमीच्या खुर्चीत तयार होऊन बसली होती. केस विंचरलेले, शाल खांद्यावर, पायाशी बॅग. ती भरायला ताईने मदत केली नव्हती.

"हे काय?"

"दादा येतोय ना. सकाळी माझ्या फोनवर बोलला. म्हणाला, आता समुद्राचा आवाज येत नाही, छान झोप लागते." आईने डोळे मिचकावले. "तुला सांगू नको म्हणाला होता. तू चिडशील म्हणून."

"आई, तू कुठेही जाणार नाहीयेस."

"दोघांनी मिळून ठरवा काय ते. मला मेलीला कोण विचारतं."

बेल वाजली.

ताईने दाराच्या भिंगाला डोळा लावला. समोरचं बंद दार दिसलं, जिन्याचा कठडा दिसला. माणूस नव्हता. तिने श्वास सोडला, आणि भिंग काळं झालं. पलीकडून कोणीतरी त्याला टेकलं होतं.

"उघड, छोटे."

आवाज दादाचाच. त्याच्या मागे काही नाही. वरच्या मजल्यावरच्या खुर्च्यासुद्धा थांबल्या होत्या.

"आईला नेऊ देणार नाही मी," ताई दाराला म्हणाली. तिला भीती वाटत होती आणि रागही येत होता, आणि रागाचा तिला आधार होता. "दोन वर्षं मी केलंय तिचं. तू काय केलंस? फोनवर शिव्या दिल्यास."

"मला जागा राहिली नाही गं. तुझ्याकडे ठेव मला. नाहीतर आईला दे."

"तू दादा नाहीस."

"मग मला काढलंस कोणाला म्हणून?"

ठिपका काढताना तिच्या मनात दादा होता, हे कोणालाच माहीत नव्हतं. आणि तिला एकदम वाटलं की बाहेर खरंच दादा असेल, दमलेला, दिवसभर उन्हात चाललेला, आणि आपण त्याला दारात उभं ठेवलंय. लहानपणी तिला खांद्यावर घेऊन पाण्यात उतरणारा दादा. साखळी तशीच अडकवून ठेवत तिने दार उघडलं, उघडेल तेवढंच. हाताचा पंजा जाईल इतकी फट.

दादा उभा होता. त्याचा तोच तेलकट शर्ट, इंजिनाने खाल्लेलं तेच अर्धं बोट. चेहरा अगदी समोर, अगदी सरळ. डोळे तिच्यावर. चूक काढावी असं त्यात काही नव्हतं, फक्त वरच्या अंगाला कपाळ थोडं चपटं होतं.

"दादा," ती म्हणाली.

तो बाजूला वळला.

वळला आणि राहिला नाही. त्याच्या जागी उभी एक रेघ होती, वरून खालपर्यंत, केसाएवढी. मग तीही दिसेना. कठडा दिसत होता, ऊन दिसत होतं, आणि दाराच्या फटीतून काहीतरी तिच्या गालाला न लागता आत आलं.

ताईने दार धाडकन लावलं. उशीर झाला होता. पाठीमागून दादाचा आवाज आला, घरातून, आईच्या खुर्चीपाशी. "चल आई. बॅग मी घेतो."

ती वळली तेव्हा आई उठून उभी होती. तिचा हात कोणाच्या तरी हातात असल्यासारखा पुढे होता आणि चेहरा उजळला होता. दोन वर्षांत ताईने तिला असं पाहिलं नव्हतं, आणि ते सगळ्यात जास्त लागलं. "येते गं," आई म्हणाली. "रागावू नकोस. तूही ये कधी." बोलता बोलता ती दाराकडे वळायला लागली, म्हातारं माणूस वळतं तशी, हळूहळू, कष्टाने. ताई तिच्याकडे धावली.

तिच्या हातात शाल आली.

दाराची साखळी अडकवलेलीच होती.

७

सोमवारी ताई कामावर आली, कारण दुसरं कुठे जायचं ते तिला सुचलं नाही. शेजाऱ्यांना काय सांगायचं, पोलिसांना काय सांगायचं? आई वळली आणि गेली, हे? शाल तिने पर्समध्ये कोंबून आणली होती.

फाइल उघडली. सगळे ठिपके रांगेत, एकही वाकडा नाही. टोक तोडलेलंच होतं. पण टोकाच्या खाली, जिथे समुद्र असायला हवा तिथे, दोन ठिपके होते. एकमेकांना चिकटून. एक मोठा, एक किंचित लहान.

ताई रडली. पडद्याच्या आडोशाने, आवाज न करता, साहेबांना दिसणार नाही अशी. मग तिने आईला फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला, आणि आधी कानावर आली ती गाज. मोठी, भरतीची, कानठळ्या बसवणारी गाज.

"आई! कशी आहेस?"

"अगं, ऐकू येत नाही काही! पाणी चढलंय!" आई ओरडून म्हणाली, आणि ती हसत होती. "जागा अगदी थोडी आहे, पण आहे बाई. दादा म्हणतो, आता इथून कोणी हलवू नये म्हणजे झालं. नंतर बोलते!"

ताईने फोन छातीशी धरला. हरली होती ती. आई दादाकडेच गेली होती, पण कुठेतरी होती. भिंतीवर नाही तर नाही, रेषेच्या आत नाही तर नाही. ते दोन ठिपके या फाइलमध्ये राहतील आणि ती जिवंत असेपर्यंत त्यांना कोणी हात लावणार नाही, असं तिने ठरवलं. आणि मग ती तोंड धुवायला गेली.

पाणी गार होतं. आरशात तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. केस नीट करायला, डोळे निवायला तिने जेवढा वेळ घ्यायचा तेवढा घेतला.

परत आली तेव्हा लंबू तिच्या खुर्चीवर, गुडघे टेबलाला टेकवून बसला होता.

"अगं, कंपनीच्या बाईंचा फोन आला होता," तो म्हणाला. "माहितीपत्रक छापायला आत्ताच्या आत्ता पाहिजे म्हणून साहेब ओरडायला लागले. तू रडत होतीस, मी पाहिलं. म्हटलं, तुला कशाला आणखी त्रास? दिली पाठवून मीच." आणि तिचा चेहरा पाहून त्याने घाईघाईने जोडलं, "तशीच नाही हं पाठवली. खाली दोन ठिपके राहिले होते बघ, रेषेच्या बाहेर. ते काढले. तूच शिकवलंयस ना, मध्य बाहेर तो कचरा."

ताईने पडद्याकडे पाहिलं. समुद्र स्वच्छ होता.

"परत आण," ती म्हणाली. "लंबू, ते परत आण."

लंबूने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. "येत नाहीयेत," तो गोंधळून म्हणाला. "असं कसं?"

पर्समध्ये फोन वाजायला लागला. शालीत गुंडाळला गेल्यामुळे तो सापडायला वेळ लागला. पडद्यावर आईचं नाव होतं. ताईने फोन कानाला लावला आणि ऐकत राहिली. गाज नव्हती. वारा नव्हता. काहीच नव्हतं.

"निघालोय गं आम्ही दोघं," त्या काहीच नसण्यातून आई म्हणाली. तिच्या आवाजात आता हसू नव्हतं. "दार उघडं ठेव तेवढं. दादासारखं मला अजून नीट बाजूला वळता येत नाही."